सगुणा राणीच्या ओटीतला गेंद

आधी माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत. दादाच्या मुली, मनू आणि रेवा, झोपताना गोष्ट मागतात. काल सांगितली ती, तोंडातून आली तशीच लिहिली आहे.

समुद्राकाठी एक राजा राज्य करायचा. मनाने चांगला, पण त्याला सगळं उंच लागायचं. घोडा उंच, सिंहासन उंच, पगडीवरचा तुरासुद्धा हातभर उंच. त्याची राणी सगुणा. ती सड्यावरच्या गावची. सडा म्हणजे आपला डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साठतं. त्या पाण्यात गेंद फुलतो. सुईसारखा दांडा, आणि वर मुगाच्या दाण्याएवढं पांढरं फूल.

सगुणाचं लग्न झालं तेव्हा आईने तिची ओटी भरली. तांदूळ घातले, नारळ घातला, आणि खळग्यातली मूठभर सुकी माती पुरचुंडीत बांधून दिली. म्हणाली, करमलं नाही तर पाण्यात घाल. सासूबाईंनी ती पुरचुंडी पाहिली आणि चारचौघींत म्हणाल्या, सूनबाईंच्या माहेरी मातीच पिकते वाटतं. सगुणाने ती पेटीत ठेवली. पण तिला करमलं, बरं का. राजा प्रेमळ होता. माती पेटीतच राहिली, किती वर्षं कोण जाणे.

मग एकदा काय झालं, राजाच्या मनात आलं, ढगाला टेकेल असा मनोरा बांधायचा. त्याला चिरे हवेत. प्रधान म्हणाला, सडा फोडू. ऐन वैशाखात राजा सडा बघून आला. सगळा काळा दगड, गवताची काडी नाही. नमुन्याला एक चिरा कापून आणला. पण टिकाव चुकला आणि चिरा मधोमध खोलगट झाला, म्हणून तो अंगणात टाकून दिला.

सगुणाला हे कळलं. सडा गेला तर पावसाळ्यात गुरं चरणार कुठे? विहिरींना पाणी कुठून येणार? गाव उठणार, माहेरच राहणार नाही. ती राजाला म्हणाली, "महाराज, तिथे फूल राहतं. आत्ता झोपलंय."

राजा म्हणाला, "मी घोड्यावरून सगळं बघितलं. पौर्णिमेला टिकाव पडणार. त्याआधी फूल दाखव, सडा तुझा."

मग सगुणाने पेटी उघडली. मातीचे तीन वाटे केले. पहिला वाटा माळ्याने मागून घेतला. त्याने चांदीच्या वाडग्यात घातला, वर शेणखत घातलं. सगळं कुजलं. दुसऱ्या वाट्याला सासूबाई आल्या. म्हणाल्या, उन्हात कशाला, माझ्या देव्हाऱ्यापाशी ठेव. वर गुलाबपाणी शिंपडलं. त्याला बुरशी आली.

उरली चिमूटभर माती. सगुणा ती मुठीत घेऊन पायरीवर बसली. रडू आलं होतं, पण रडली नाही. समोर तो टाकलेला चिरा होता. तिने उठून त्याच्या खळग्यात माती पसरली, बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी घातलं आणि उन्हातच ठेवलं. माळी पुन्हा खत घेऊन आला, तिने परत पाठवला. सासूबाई छत्री घेऊन आल्या, तीही मिटायला लावली.

"आता त्याला काही देऊ नका," सगुणा म्हणाली. "दगड आहे, पाणी आहे, ऊन आहे. पुरे."

मग पौर्णिमा आली. अंगणात टिकाव घेऊन माणसं उभी राहिली. राजा घोड्यावरून म्हणाला, कुठे आहे फूल? सगुणा म्हणाली, खाली. राजाने वरून बघितलं, दिसेना. घोड्यावरून उतरला, तरी दिसेना. मग वाकला. तरी नाही. शेवटी गुडघे टेकले, नाक चिऱ्याला लागलं, पगडी घरंगळून गेली. तेव्हा दिसलं. एक गेंद. त्याच्या शेजारी दुसरा. बघतो तर सगळा खळगा पांढरा.

सासूबाई हसायला लागल्या. "पाळण्यातून उतरल्यापासून हा कुणापुढे वाकला नव्हता," म्हणाल्या. "सूनबाई, हात धर माझा. मलाही बघायचंय."

राजाने टिकाव खाली ठेवायला लावले. चिरा स्वतःच्या पालखीत ठेवला आणि आपण बोडक्या डोक्याने शेजारून सड्याकडे चालला. पुढे ढोल, मागे सगळं गाव. सड्यावरच्या लोकांनी बोचकी बांधून ठेवली होती, ती त्यांनी नाचत नाचत सोडली. सगुणाच्या आईने तांदळाचे घावने केले. राजाने किती खाल्ले ते विचारू नका.

मनोरा बांधायचा राहिला तो राहिलाच. त्या पावसात सगळा सडा पांढरा झाला. पाणी आटल्यावर गेंद पुन्हा मातीत झोपला, आणि राजा, राणी, सासूबाई, गाव, सगळे सुखात राहिले. चला, आता गोधडी ओढा आणि डोळे मिटा.

आज सकाळी शाळेआधी दोघींना सड्यावर नेलं. खळग्याच्या काठावर बसवलं. रेवाने विचारलं, काका, यातला राणीचा गेंद कुठला? मी म्हटलं, शोध. मग त्या दोघी शोधत बसल्या, आणि मीही.