आतून कळलेली मेंढी

फार मागची गोष्ट. तेव्हा माळाला कुंपण नव्हतं आणि लांडग्याला भीती नव्हती. अशा एका माळावर मेंढपाळांचा तळ होता. सातशे मेंढ्या, नऊ कुत्री, आणि मेलेली मेंढी पुरणारी एक बाई. तिचं नाव ठकूबाई.

कळप म्हटला की मरणं आलंच. आज एखादं म्हातारं जनावर, परवा एखादं अधू. कान पाडून मागं रेंगाळणारी मेंढी दिसली की ठकूबाई ओळखायची आणि तिच्याजवळ जाऊन बसायची. जीव गेला की घोंगडीत गुंडाळून ओढ्यापलीकडे न्यायची. कमरेएवढा खड्डा, वर दगड. पोट फुगायच्या आत माती, हा तिचा नेम. कळपाला पत्ताही लागत नसे.

बिनबोभाट काम करणाऱ्याची किंमत कोण करतो? तळाच्या कारभाऱ्याला वाटे, ही बाई फुकटची भाकरी खाते. तुझ्या हाताला मढ्याचा वास येतो म्हणून तो तिला जेवायला लांब बसवायचा. मढी कुणाची होती, हे त्याला कधी सुचलं नाही.

एका उन्हाळ्यात त्यानं तिची कुदळ काढून घेतली आणि तिला लोकर कातरायला बसवलं. मढी खायला गिधाडं आहेत, म्हणाला.

ठकूबाई म्हणाली, "कारभारी, कुत्र्याला मेंढी बाहेरनं ठावी हाय तवर बरं. आतनं कळू देऊ नका."

"आता कुत्र्यांची शाळा तू घेणार व्हय?" कारभारी म्हणाला, आणि सगळा तळ हसला.

तिला धास्ती होती टिक्या कुत्र्याची. आई मेलेलं ते पिल्लू तिनं शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. आता तो कुत्र्यांत थोरला होता. ओढ्याच्या पाण्यातून कोकरू तोंडात धरून आणायचा, पण दात लागू द्यायचा नाही.

थोड्याच दिवसांत बाभळीआड एक मेंढी मेली. गिधाडं काही आली नाहीत. तिसऱ्या दिवशी पोट फुटलं, आतलं सगळं बाहेर सांडलं, आणि त्यावर लांडगा आला. कुत्री तुटून पडली. त्या झोंबाझोंबीत लांडग्याचा वास आणि मेंढीच्या आतला वास त्यांच्या नाकात एक झाला.

दुसऱ्या दिवशी काट्यानं खरचटलेल्या मेंढीचा रक्ताळलेला गुडघा हुंगून टिक्या गुरगुरला. ठकूबाईनं ते कारभाऱ्याच्या कानावर घातलं. लांडगा हाकलणाऱ्या कुत्र्याला नावं ठेवू नकोस, असं त्यानं सुनावलं.

आठवड्यात ती मेंढी फाडलेली सापडली. लांडग्याचंच काम समजून लोकांनी कुत्र्यांना आणखी चिथवलं. मग दोन मेंढ्या गेल्या, मग पाच. त्याही उघड्यावरच फुटल्या, आणि तो वास माळभर झाला, धडक्या मेंढ्यांच्या लोकरीतही बसला. शेवटी भर दुपारी सगळ्यांदेखत टिक्यानं कोकराचा गळा धरला. तो पिसाळला नव्हता. त्याच्या मते तो राखणच करत होता.

कुत्री मारावीत तर लांडगा कळप संपवणार, मोकळी सोडावीत तर कुत्रीच. म्हणून सगळ्यांच्या तोंडाला दोरी बांधली. लांडग्याला ते कळायला चार दिवसही लागले नाहीत. उन्हाळा सरेपर्यंत सातशेच्या शंभर उरल्या.

तेव्हा कारभारी कुदळ घेऊन आला. "वैनी, चुकलो," म्हणाला.

"चुकला खरं. मढी पुरीन मी. पर टिक्याच्या नाकातलं कसं पुरू?"

तिनं पुन्हा खड्डे खणले. नवी पिल्लं नीट वाढली. टिक्या मात्र इतर जुन्या कुत्र्यांसारखाच मरेपर्यंत बांधल्या तोंडाचा राहिला. दिवसातून दोन वेळा ठकूबाई त्याची दोरी सोडायची, हातानं भाकरी चारायची आणि पुन्हा आवळायची.

त्या कारभाऱ्याला हसू नका. आपल्या देहातही असाच तळ आहे. रोज अगणित पेशी मरतात आणि दुसऱ्या पेशी त्यांना मुकाट गिळून जागा साफ करतात. ते काम रेंगाळलं की मेलेल्या पेशी फुटतात, आतलं सांडतं, आणि अंगाच्या राखणदारांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, ते वैऱ्याचं वाटू शकतं. मग सांधे, कातडी, मूत्रपिंडं, आपलंच आपण फाडत सुटतो. अशा काही आजारांचं एक मूळ इथं असतं.

मेलेलं मुकाट उचलणाऱ्या हाताला हलकं लेखू नये. तो थांबला की राखणदारच घरच्यांचा वैरी होतो.