पत्रकाची मागची बाजू

अमेरिकेत गुलामगिरी संपून पाच वर्षं झाली होती. निवडणुकीच्या सभेत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार व्हिटलॉक पत्रकं वाटत ऐटीत म्हणाले, "आमच्या पक्षानं तुम्हाला स्वातंत्र्य दिलं. हे विसरू नका."

लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी हेस्टर उठून उभी राहिली. पंधरा वर्षांपूर्वी, ती गुलाम असताना, तिची सहा वर्षांची लेक लुसिंडा मालकानं विकली होती.

"कशी विसरेन, साहेब? फक्त ते स्वातंत्र्य माझ्या लुसिंडापर्यंत पोचलं का, तेवढं विचारून बघा. पत्रकाची मागची बाजू कोरीच आहे."

सगळी सभा व्हिटलॉककडे बघू लागली. त्यांना नाही म्हणवेना. पुढच्या प्रत्येक पत्रकामागे लुसिंडाचं नाव आणि हेस्टरचा पत्ता छापावा लागला.

वसंतात टेक्सासहून एक तरुणी ते पत्रक हातात घेऊन दारात आली. हेस्टरनं तिला नाव विचारलं नाही; नुसतं जवळ घेतलं.