दुपारी दोनचा डिस्चार्ज

"पण बाई, तिला ठेवून घ्यायचं तरी कशासाठी?"

डॉक्टर निरंजन वैतागला होता. सुवर्णपदक घेऊन नुकताच तालुक्याच्या रुग्णालयात आलेला. थोरात बाई तिथे एकतीस वर्षं मुलांच्या डॉक्टर.

चार वर्षांची जाई सकाळी अकराला शेततळ्यात पडली. मावशीने बाहेर ओढलं तेव्हा श्वास नव्हता. मावशीने तोंडाला तोंड लावून हवा भरली, तेव्हा कुठे पोर खोकली, रडली.

आता दोन वाजले होते. जाई खाटेवर बसून बिस्किट खात होती.

"एक्स-रे स्वच्छ आहे. ऑक्सिजन सत्त्याण्णव. आई घरी सोडा म्हणतेय. मी डिस्चार्ज लिहिलाय."

"श्वास किती?"

"व्यवस्थित आहेत."

"आकडा विचारला मी."

त्याने मोजले. "अठ्ठावीस."

"संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने मोज. तूच."

निरंजन धुमसत बसला.

अडीचला तीस. तीनला छत्तीस. 'मघाशी रडली ना, म्हणून असेल...'

साडेतीनला जाई आडवी झाली. आईने पांघरूण घातलं.

"दमली माजी बाय. निजली."

निरंजनने पांघरूण बाजूला केलं... आणि त्याचा हात तिथेच थांबला.

बरगड्या आत ओढल्या जात होत्या. नाकपुड्या फुलत होत्या. चौपन्न. ऑक्सिजन पंचाऐंशी.

"बाई!"

मास्क लागला, ऑक्सिजन सुरू झाला. निरंजनचे हात काम करत होते. छातीत गेलेलं तळ्याचं पाणी साडेचार तासांनी उलटलं होतं.

जाईची वस्ती जीपने दीड तास. सगळा घाट. वाटेत दवाखाना नाही. दोनला सोडली असती, तर या क्षणी ती आईच्या मांडीवर 'निजलेली' असती...

पाचला श्वासांचा आकडा उतरू लागला. निरंजन व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसला. बाई शेजारी येऊन बसल्या.

"बाई, मी तिला..."

"साडेपाचला पुन्हा मोज."

बाई घड्याळ बघत उठल्या.

तिसऱ्या दिवशी जाई वॉर्डभर पळत होती. निरंजनने आईला समोर बसवून सांगितलं, "श्वास भराभर चालला, ताप आला, पोर सुस्त वाटली, तर तशाच निघा. सकाळची वाट बघू नका." दोनदा सांगितलं. तिच्याकडून वदवूनही घेतलं.

मग पेन हातात धरून तो नुसताच उभा राहिला.

"बाई, अजून एक दिवस ठेवूया?"

"छाती?"

"स्वच्छ."

"श्वास?"

"चोवीस. मास्कशिवाय. कालपासून."

"मग अडलंय कुठे?"

"...भीती वाटते, बाई."

बाईंनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"परवा दोनला ती नव्हती. आता पाठव."