डोकावलेली फिल्म

रंगीत फोटो कुणी पाहिलेच नव्हते, तेव्हाची गोष्ट. जत्रेतल्या लाकडी कॅमेऱ्याच्या चपट्या पेटीत दोन कोऱ्या फिल्म पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. समोर भैरू मल्ल येऊन उभा राहिला, आजच जिंकलेली चांदीची गदा खांद्यावर!

"अगंबाई, मला आत्ताच बघायचंय!" म्हणत धाकटीने आपलं झाकण हळूच सरकवलं. "अहाहा! गदा, गुलाल, अख्खं आभाळ!"

"लाव ते झाकण! आपण पापणी लवेपर्यंतच बघायचं असतं," थोरली ओरडली.

"तू बस अंधारात!"

फोटो निघाले. दोघींना औषधात धुतलं. थोरलीवर भैरू उमटला, मिशीच्या पिळासकट. धाकटी मात्र जास्त उजेड लागून नुसती काळीकुट्ट.

"पण सगळ्यात जास्त मीच पाहिलंय!" ती म्हणाली.

भैरूने तिला उजेडात धरलं. "अन् मी कुठंय यात?"