वाळवीला बोलावण्याची पाटी

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे तेच ते, अंगभर काटे असलेले साळिंदर. तिचे अक्षर मोठे वळणदार, म्हणून गळून पडलेल्या काट्याने झाडाच्या सालीवर पाट्या कोरण्याचे काम जंगलाने तिलाच दिले होते. त्या वर्षी ओढ्यावर नवा साकव बांधणे चालू होते. मुकादम होता कोल्हा आणि राबायला मुंग्या. मुंग्या कष्टाळू खऱ्या, पण रोज सकाळी नवी तुकडी येई आणि तिला कालचे काहीच ठाऊक नसे. पाटीवर असेल ते करायचे, नसेल ते करायचे नाही, एवढेच त्यांना कळे.

साकव उभा राहिला आणि काठावर जुन्या लाकडांचा पसारा उरला. तो हटवायला कोल्ह्याने वाळवी ठरवली. लाकडावर तीनदा टकटक केले की वाळवी येई आणि त्याचा भुगा करी. "साळूताई, वाळवीला कसं बोलवायचं ते लिहून टाका. एका ओळीत हं! लांबण लावलीत तर वाचणार कोण?" कोल्ह्याला दुपारच्या आत काठ स्वच्छ हवा होता. साळूने कोरले : 'काठावरच्या जुन्या लाकडावर तीनदा टकटक करा. वाळवी येऊन ते साफ करील.' अक्षर सुबक उतरले. पाटी टांगून ती खुशीत बिळात परतली.

पण घरी तिचे मन लागेना. कंद खायला घेतला, तसाच ठेवून दिला. बिळाच्या तोंडाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. काहीतरी राहिले होते खास! आणि मग तिला ते वाठलेले खोड आठवले. तेही काठावरच होते, तेही जुनेच होते, आणि त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची बायको दोन अंडी उबवत बसली होती. धनेशांची रीतच तशी. अंडी घालायची वेळ झाली की मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. इथला धनेश रोज फळे घेऊन येई, खोडावर चोचीने टकटक करी, आतून बायकोची टकटक आली की घास भरवी. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ते नुसते लाकूड. 'हे तर जंगलात सगळ्यांनाच माहीत आहे,' साळूने स्वतःची समजूत घातली. पण मुंग्यांची तुकडी तर आजच आलेली! साळू ताडकन उठली. ती धावत सुटली.

ती पोहोचली तेव्हा वाळवीने खोड बुडापासून पोखरले होते. "थांबवा! आधी थांबवा तिला!" साळू ओरडली.

"थांबवायचं कसं, ते पाटीवर नाही, मावशी," मुंग्यांची म्होरकी म्हणाली. "आम्ही टकटक केली, तेव्हा आतूनही कुणीतरी टकटक केली. तसं झालं तर काय करायचं, तेही नव्हतं लिहिलेलं."

साळू खोडाशी धावली. आतल्या आईला वाटले असणार, नवरा घास घेऊन आला. "अगं, दार फोड! बाहेर ये!" साळू जिवाच्या आकांताने ओरडली. आतून चोचीचे घाव बसले, लिंपण फुटले आणि उडायची पिसे गळालेली ती आई धडपडत गवतात पडली. पाठोपाठ खोड कोसळले. अंडी आतच राहिली, ती गेलीच.

थोड्या वेळाने धनेश आला. चोचीत उंबर होते. तो पडलेल्या खोडावर उतरला आणि त्याने नेहमीसारखी टकटक केली. उत्तर आले नाही. त्याने पुन्हा केली. मग गवतातून बायकोने हाक मारली. साळूला रडू आवरेना.

"मुंग्यांना अक्कलच नाही," कोल्हा पुटपुटला.

"त्यांना बोलू नका," साळू म्हणाली. "त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी लिहिलं नाही."

ती पाटी काढायला गेली, तर पाटीही वाळवीने खाल्लेली. मग तिने काठावरच्या कातळावर कोरायला घेतले. दोन काटे मोडले, तिसऱ्याने काम पुरे झाले : 'वाळवीने खाल्लेले परत येत नाही. एकदा आली की ती थांबत नाही. म्हणून आधी एकदाच टकटक करा आणि कान लावून ऐका. आतून उत्तर आले तर वाळवीला बोलावू नका. शंका आली तर साळूला विचारा.'

"केवढी ही लांबण!" कोल्हा म्हणाला.

"असू दे," साळू म्हणाली.

पण तिची तगमग काही गेली नाही. वर्षभर कुठे टकटक ऐकू आली, की ती दचकून बिळाबाहेर येई. पुढच्या वर्षी जुने लाकूड पुन्हा साफ करायचे ठरले. मुंग्यांची कोरी तुकडी आली, तिने कातळ वाचला. म्होरकीने एका वाठलेल्या खोडावर एकदाच टकटक केली आणि कान लावला. मग साऱ्या मुंग्या वळल्या आणि रांगेने साळूच्या बिळाशी आल्या.

"मावशी, आत कुणीतरी आहे," म्होरकी म्हणाली.

त्या दिवशी साळूने कितीतरी दिवसांनी पोटभर कंद खाल्ला.

तात्पर्य : जे मोडल्यावर पुन्हा जोडता येत नाही, ते मोडण्याची रीत दुसऱ्याला लिहून देताना आपल्याला उघड वाटणारी गोष्टही सर्वांत आधी लिहावी, कारण वाचणाऱ्याला आपल्या मनातले दिसत नाही, पाटीवरचे तेवढेच दिसते.