मलकाबाईचा पदर

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायला होडीशिवाय दुसरी वाट नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. खाडीच्या काठी दिवेखार नावाचं गाव होतं. पाण्याकडेला कोळ्यांची घरं, खाजणाकडेला आगऱ्यांची, आणि मधल्या नारळीच्या वाडीत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांची थोडी घरं. ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

त्यांच्यातला हसाजी तरीवर नावाडी होता. घरचा घाणा त्याची बायको मलकाबाई चालवायची आणि हसाजी दिवसभर माणसं पलीकडे न्यायचा, पलीकडची अलीकडे आणायचा. शनिवारी तो वल्ह्याला हात लावत नसे. पण कुणाच्या जिवावर बेतलं तर शनिवारीही होडी काढायचा आणि त्या दिवशी कुणाकडून काही घ्यायचा नाही. असं म्हणतात, त्याच्या होडीत कधी भांडण झालं नाही. भांडत आलेली माणसं होडीत बसली की पाण्याकडे बघत गप्प व्हायची.

एका श्रावणात, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी वादळ आलं. पलीकडे माणसं अडकली होती. हसाजीनं फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या आणि सगळ्यांना अलीकडे आणलं. शेवटची म्हातारी काठावर उतरली आणि तो होडी बांधायला वाकला, तेवढ्यात पलीकडून हाक आली. लोक म्हणाले, "तिकडे कुणी नाही. वारा आहे तो."

हसाजी म्हणाला, "हाक आली ना," आणि त्यानं होडी वळवली.

असं म्हणतात, तो खाडीच्या मध्यावर पोचला तेव्हा ढगातून एक उजेड सरळ होडीवर उतरला. तो पोशा कोळ्यानं बघितला, आणि पोशा खोटं बोलणारा माणूस नव्हता. क्षणभर वारा थांबला. मग होडी एकटीच परत आली आणि आपोआप काठाला लागली. वल्ही आत नीट ठेवलेली होती. एवढ्या पावसात होडी आतून कोरडी होती, असं म्हणतात. हसाजी नव्हता. लोकांनी खाडी शोधली, समुद्राच्या तोंडापर्यंत शोधली. त्याची टोपीसुद्धा मिळाली नाही.

तेव्हा सगळे शनवार तेली अकूबजी काजींच्या ओटीवर जमले. काजी म्हणजे त्यांच्यात पोथी वाचणारा, लग्न लावणारा, मातीला नेणारा माणूस. अकूबजींनी पोथी उघडली. पोथीत हनोख नावाच्या सत्पुरुषाची गोष्ट आहे. तो देवासोबत चालला आणि मग तो नव्हता, देवानं त्याला नेलं. पोथीत एलियाहू नबींचीही गोष्ट आहे. त्यांना अग्नीचा रथ घ्यायला आला आणि ते वावटळीतून वर गेले. दोघांनाही मरण आलं नाही. एलियाहू नबी कधीकाळी कोकणच्या याच किनाऱ्यावर येऊन गेले, असं ते लोक मानतात, आणि अडीअडचणीला त्यांच्याच नावानं मलिद्याचं ताट मांडतात.

काजींनी पोथी मिटली आणि म्हणाले, "हसाजी मेला नाही. देवानं त्याला नेलं. आपल्या गावातून नेलं. आता रडायचं नाही."

गावाला फार बरं वाटलं. मलकाबाईला काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही. त्यांच्यात माणूस मेल्यावर करतात तशा तिच्या बांगड्या फोडल्या नाहीत, तिला सात दिवस जमिनीवर बसवलं नाही, तिचा पदर फाडला नाही. पहिल्या संध्याकाळी तिनं रडायला तोंड उघडलं, तर शेजारणींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "जिवंत माणसासाठी कोण रडतं?"

मग लोक यायला लागले. पाया पडायला, नवस बोलायला. तिच्या घाण्याचं तेल औषध म्हणून न्यायला लागले. असं म्हणतात, त्या तेलानं आखडलेले हात मोकळे व्हायचे. तिची एक बांगडी पिचली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी नवा हिरवा चुडा घेऊन दारात उभं. येणाऱ्या प्रत्येकाला ती उजेडाची गोष्ट सांगायची, कारण तेच ऐकायला ते लांबून आलेले असायचे. तिनं स्वतः उजेड बघितला नव्हता. ती त्या वेळी घाण्यावर होती.

वर्षं गेली. घाण्याचा बैल थकायचा, पण संध्याकाळी त्याला सोडायचे. मलकाबाईला सोडणारं कुणी नव्हतं. चेहऱ्यावर आनंद ठेवून ठेवून तिचा जबडा दुखायचा. असं म्हणतात, त्या सगळ्या वर्षांत ती एकदाही झोपली नाही. डोळे मिटून पडायची आणि दाराकडे कान लावून असायची. जिवंत आहे म्हणतात, तर कधीही येईल.

मग एका वर्षी पोशा कोळ्याचा मुलगा मासेमारीला गेला तो आला नाही. होडी नाही, जाळं नाही, काही नाही. गावानं पोशाच्या बायकोला, चांगुणाला सांगितलं, समुद्रानं नेलं म्हणजे देवानंच नेलं, मलकाबाईकडे बघ आणि धीर धर. चांगुणा एका दुपारी मलकाबाईच्या अंगणात आली. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ फुटले होते.

ती म्हणाली, "बाय, किती वर्सांनी सोपं होतं?"

मलकाबाई उठली, घाण्याचा बैल तसाच मोकळा सोडला आणि काजींच्या घरी गेली. चांगुणा तिच्या मागोमाग गेली.

अकूबजी आता फार म्हातारे झाले होते. मलकाबाई ओटीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "काजीबाबा, एलियाहूंना नेलं, तेव्हा मागे कोण राहिलं?"

"त्यांचा शिष्य. एलीशा."

"त्यानं काय केलं?"

काजींनी पोथी काढली. अक्षरांखाली बोट ठेवून ते हळूहळू वाचू लागले. एलीशानं रथ डोळ्यांनी बघितला. माझ्या बापा, माझ्या बापा, म्हणून तो ओरडला. मग त्याला ते दिसेनासे झाले. आणि त्यानं आपले कपडे धरले आणि फाडून त्यांचे दोन तुकडे केले.

इथे काजींचं बोट थांबलं.

"रथ वर गेला की मी पोथी मिटतो," ते म्हणाले. "माझे वडीलही तिथेच मिटायचे. पुढे मलिदा वाटायचा असतो."

"आणि हनोखाच्या घरचे?"

"त्यांचं काहीच लिहिलेलं नाही. तो नव्हता, एवढंच आहे. नव्हता म्हणजे काय, ते घरच्यांनाच कळलं असेल, पोरी."

मलकाबाईनं विचारलं, "मग ह्यांना देवानं नेलं नाही का?"

"नेलं असेल. मी आजही तेच म्हणतो. पण एलीशाला तर जराही शंका नव्हती. त्यानं सगळं समोर बघितलं, तरी कपडे फाडले. वर गेलेल्याचं भलं झालं, म्हणून खाली राहिलेल्यानं रडायचं नाही असं पोथीत कुठेही नाही. ते मी म्हटलं होतं. ते माझं चुकलं."

मग काजी ओटीवरून खाली उतरले. मेलेल्याच्या घरी करतात तसं त्यांनी सुरीनं तिच्या पदराच्या काठाला एक चीर दिली. पुढचं मलकाबाईनं फाडलं.

असं म्हणतात, तो आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेला आणि तिथल्या कोळ्यांनी माना वर करून आपापली शिडं तपासली. त्या दुपारी खाडीला भरतीही आली नाही आणि ओहोटीही लागली नाही. पाणी जिथल्या तिथे उभं राहिलं. मलकाबाई तिथेच काजींच्या अंगणात जमिनीवर बसली आणि रडली. तिच्या शेजारी चांगुणानं आपलं लुगडं फाडलं आणि तीही बसली. थोड्या वेळानं पोशा आला. म्हणाला, "उजेड खरा होता, बाय. मी खोटं बोललो नव्हतो."

"असू दे," मलकाबाई म्हणाली. "बस."

संध्याकाळी रडता रडता ती बसल्याजागी झोपली. शेजारणींनी तिला उठवलं नाही. सात दिवस ती जमिनीवर होती, आणि त्यातले कितीतरी तास झोपेत गेले, असं म्हणतात.

त्यानंतर नवस बोलायला फारसं कुणी आलं नाही. काही जण रागावले, म्हणाले, हिनं आपल्या गावाचा सत्पुरुष घालवला. मलकाबाई त्यांच्याशी भांडली नाही. तिनं घाणा चालवला, म्हातारी झाली, आणि एका थंडीत तापानं गेली, घरात, खाटेवर, माणसांच्या देखत. तिलाही उजेड घ्यायला आला होता असं लोक पुढे सांगतील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं बजावून ठेवलं होतं, "माझी कबर बांधा. कुणी काही सांगायला लागलं, तर त्याला ती दाखवा."

ती कबर दिवेखारला अजून आहे. वर साधा काळा दगड आहे, त्यावर नाव नाही. ज्या बाईचा माणूस पाण्यावर गेला आणि परत आला नाही, ती आजही तिथे येते. कोळीण येते, आगरीण येते, मुसलमानाची बाई येते. शनवार तेल्यांची घरं आता गावात राहिली नाहीत, पण त्यांच्यातलंही कुणी कधी लांबून येतं. गावातली एखादी म्हातारी तिच्या पदराला सुरीनं चीर देते आणि बाजूला होते. पुढचं त्या बाईनं फाडायचं. मग ती जमिनीवर बसते. तिला देवाचं काही सांगायचं नाही, धीर धर म्हणायचं नाही, किती वेळ बसणार हे विचारायचं नाही, असा गावाचा रिवाज आहे. रस्त्यानं जाणारे आवाज खाली घेतात. ती बसते, रडते, कधी तिथेच तिला डुलकी लागते, आणि ऊन उतरलं की उठून घरी भात टाकायला जाते.