पाण्यातून उजेड

फार जुनी गोष्ट. समुद्रकाठच्या एका राज्यात एक प्रधान होता. बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच राज्यात एका बाईंचा चाकांचा कारखाना होता. त्यांचं चाक वाहत्या पाण्यात बसवलं, की गावात दिवे लागत.

एकदा दूरच्या बेटावरच्या राणीने दवंडी पिटवली, "आमच्या धबधब्यातून जो साऱ्या बेटाला उजेड काढून देऊ शकेल, त्याला हे काम मिळेल."

बाईंच्या भट्ट्या कामावाचून थंड पडल्या होत्या. राजाने प्रधानाला आणि बाईंना एकाच गलबतातून धाडलं.

वाटेत प्रधान म्हणाला, "दरबारात मीच बोलेन. तुम्ही चाकाचं बघा."

"आणि तुम्ही भलतंच कबूल करून बसलात, तर निस्तरायचं कोणी?" बाईंनी विचारलं. मग बेट येईपर्यंत दोघं गलबताच्या दोन टोकांना बसली.

बेटावर धबधबा दिसला आणि प्रधान जागीच थबकला. आभाळ फुटल्यासारखं पाणी कोसळत होतं. पायाखालचा कातळ थरथरत होता. तुषारांच्या ढगात पाखरांचे थवे शिरत आणि दिसेनासे होत. त्याने बाईंकडे पाहिलं, तर त्यांनी नकळत हात जोडले होते.

"आमचं सगळ्यात मोठं चाक इथे काडीसारखं मोडेल," त्या हळूच म्हणाल्या.

"मग परत फिरायचं?"

"नाही. पाणी वळवून लहान लहान चाकं बसवता येतील. पण त्याला मोठी गलबतं हवीत, आणि माझी माणसं वर्षानुवर्षं इथे राहतील. एकटीच्या आवाक्यातलं नाही हे."

"गलबतं राज्य देईल. माणसांच्या घरादाराकडेही राज्य बघेल," प्रधान म्हणाला. मग दोघं त्या कातळावर बसून कितीतरी वेळ बोलत राहिली.

दवंडी ऐकून इतर राज्यांतूनही माणसं आली होती. राणीने प्रत्येक राज्याच्या प्रधानाला आणि कारागिराला वेगवेगळं बोलावलं. एक प्रधान म्हणाला, "पावसाळ्याआधी दिवे लागतील." त्याचाच कारागीर म्हणाला, "वर्षं लागतील."

आपल्या प्रधानालाही राणीने तेच विचारलं, "पावसाळ्याआधी होईल?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण कानात अजून ते पाणी घुमत होतं. "राणीसाहेब, ते बाईच सांगतील. त्या म्हणतील तोच आमच्या राज्याचा शब्द."

मग राणीने बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "तीन पावसाळे लागतील."

"आणि तुमच्या पश्चात चाक बिघडलं तर?" राणीने विचारलं.

"त्याचं उत्तर प्रधानजी देतील. मी आज आहे, उद्या नसेन. राज्य राहील."

राणी म्हणाली, "बाकीच्यांचं आपसातच जुळत नाही, ते माझं बेट काय सांभाळणार?" आणि काम यांना मिळालं.

तिसरा पावसाळा सरला. एका संध्याकाळी चाकं फिरली. आधी बंदरावर दिवा लागला, मग गल्लीबोळांत, मग पार डोंगरमाथ्यापर्यंत. एक म्हातारी दिव्याखाली तळहात धरून स्वतःच्याच रेषा न्याहाळत होती.

"हे तुम्ही केलंत?" तिने प्रधानाला विचारलं.

प्रधानाने चाकांपाशी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. "आम्ही," एवढंच तो म्हणाला.

तात्पर्य: राज्याचा शब्द आणि कारागिराचं कसब एकमेकांचा मान राखून चाललं, तर परक्या मुलखातलं डोंगराएवढं कामही पेलतं.